अठ्ठावन्न

दुकानामागं एका घमेल्यात
काळी माती भरून ठेवलीय, हिप्परग्याकडची.
रेडिओ दुरुस्तीला हल्ली कोण येतंय,
म्हणून नाणी पुरतो, उकरतो, पुन्हा पुरतो
आणि यंत्र काय म्हणालं ते वहीत लिहितो.

राणीचा चांदीचा रुपया : अठ्ठ्याऐंशी. चुकत नाही.
भोकाचा पैसा बहात्तर,
पण उभा पुरला तर पंचावन्नावर येतो
आणि स्वतःचं नाव नीट सांगत नाही.
दहा पैशाचं नागमोडी काठाचं ॲल्युमिनियम
आणि सोड्याच्या बाटलीचं झाकण,
दोघांचा सूर एकच.
आजच्या स्टीलच्या रुपयाला तर ते नाणं मानतच नाही,
लोखंड म्हणतं.

वीतभर खाली गेलं की सगळेच आकडे थरथरतात.
आपली माती काळ्या दगडाची, तिच्या अंगातच लोह,
रिकाम्या जागीसुद्धा काहीतरी पुटपुटत राहते.

हे सगळं मी राजव्वा गज्जमला सांगत होतो
भद्रावती पेठेत, तिच्या परसात.
ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
"कमळाची वीस पैशाची," ती म्हणाली. "पिवळी.
त्यात सोनं घातलंय म्हणायचा तेव्हा सगळा कारखाना.
मजुरीतनं एकेक बाजूला काढली.
सासूला सांगायची, सेठनं छाट जास्त काढली."

मग पुरली.
मग वर शहाबादी फरशी आली,
फरशी गेली, जावयानं मुरूम टाकला,
आणि मधली चाळीस-पन्नास वर्षं
विड्या वळण्यात गेली.

घमेल्यात ते नाणं अठ्ठावन्न बोलतं.
म्हणून सकाळपासून मी फक्त अठ्ठावन्न ऐकत फिरलो.
अठ्ठावन्न : स्टोव्हच्या बर्नरची टोपी.
अठ्ठावन्न : नळाची चकती, पितळी.
सत्तावन्नासाठी गुडघे टेकले, तर तीन घड्या घातलेली
गोळ्यांच्या पाकिटाची चांदी.
राजव्वाचा नातू प्रत्येक खड्ड्यापाशी हसत होता.

"पाटा इथं होता," ती मध्येच म्हणाली,
वर न बघता, दोरा गुंडाळत.
"पाट्याच्या उजव्या हाताला."
तिथं काही नाही, राजव्वा, यंत्र गप्प आहे.
"तुझं यंत्र होतं का तेव्हा चटणी वाटायला?"

मग विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं :
कशात पुरली?
"डब्यात. बिस्किटाच्या."
पत्र्याच्या?
"मग काय चांदीच्या?"

खिळ्यांची कटकट नको म्हणून
मीच सकाळी लोखंडाचं तोंड बंद केलं होतं,
एक बटण दाबून.
सोडलं, तसं अख्खं परस ओरडायला लागलं,
आणि पाट्याच्या उजव्या हाताला
सगळ्यात मोठ्यानं.

कोपरभर खाली
डबा म्हणजे गंजाचा नुसता पापुद्रा.
आत नाणी एकमेकींना चिकटलेली, हिरवी,
पान कापायच्या कात्रीच्या टोकानं
तिनं ती सोडवली.
"सोनं आहे का?"
एक नाणं मी यंत्राखाली धरलं.
अठ्ठावन्न, म्हणालो.
"म्हणजे किती?"

मी बूट झटकत राहिलो.

तिनं पंचवीस-पंचवीस मोजली,
विड्यांचा कट्टा मोजतात तशी, अंगठ्यानं सरकवत.
चार कट्टे झाले, आणि बावीस उरली.
"तीन कमी आहेत," ती म्हणाली
आणि माझ्याकडं पाहिलं,
छाट काढणाऱ्या सेठकडं पाहतात तसं.
मी खिसे उलटे करून दाखवले.
दोन आहेत, म्हटलं, माझ्या घमेल्यात, तपासायची,
हवी तर देतो आणून.

"आण," ती म्हणाली.
"आणि तिसरं?"