उतार

उंड्रीत मे महिन्यात बाथरूमची फरशी बदलायची नसते,
हे सेक्रेटरी बर्गेंनी मला लिफ्टमध्ये सांगितलं.
तोवर जुनी फोडून झाली होती.

हेमाराम बाडमेरचा.
उकिडवा बसून पांढऱ्या सिमेंटची रेघ भरतो.
पेला ओठांना न लावता पितो
आणि तळाशी उरलेला घोट
घमेल्यातल्या मालात ओततो.

टँकर तिसऱ्या दिवशीही
पिसोळीच्या चढावर कुठेतरी.
बोरचं पाणी एप्रिलातच गढूळ झालं, मग नुसती हवा,
नळ खोकतो तेव्हा आम्ही सगळे त्याच्याकडे बघतो.

दुपारी त्याच्या आईचा फोन.
स्पीकरवर वारा जास्त, आई कमी.
माझ्याशी हिंदीत बोलताना तो ‘पानी’ म्हणतो,
तिच्याशी बोलताना ‘पाणी’.
आमच्यासारखाच, बाणातला ण.
मी मिक्सर बंद केला.

घराशेजारी जमिनीत टांकं आहे, तो म्हणाला.
लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप,
किल्ली आईच्या गळ्यात.
भोवतीचं अंगण चहूबाजूंनी टांक्याकडे उतरतं.
बापाने तो उतार नुसत्या नजरेने साधला होता,
एक थेंब कधी भलतीकडे गेला नाही.
थेंबच आला नाही दोन वर्षं,
आणि मेंढ्या विकल्या,
हे त्याने बऱ्याच वेळाने सांगितलं,
फरशीचा कोपरा घासत.

काम संपल्यावर उतार बघायला
बादलीभर पाणी ओततात.
मी बादली आणून ठेवली, परवापासून जपलेली.
त्याने ती पायाने नाही, दोन्ही हातांनी
बाजूला सरकवली,
खिशातून काचेची गोटी काढली
(निळी, आत पिवळी पाकळी)
आणि उंबऱ्याशी सोडली.

गीझरखाली जरा रेंगाळून
ती जाळीवर जाऊन टकटकली.
चारदा सोडली, चारदा तिथेच.
पाचव्यांदा कमोडच्या मागे थांबली.
‘यहाँ रुकेगा,’ तो म्हणाला,
आणि ओली फरशी पुन्हा उचकटली.

टँकर रात्री तीनला आला.
अख्खी सोसायटी बाल्कनीत, कोणी बोलत नाही,
पंपाचा तेवढा आवाज.
पाइपाच्या जोडातून एक बारीक धार सुटली होती,
रस्त्याच्या उताराने जायला निघालेली.

पार्किंगमध्ये झोपलेला हेमाराम
कधी उठला कोण जाणे,
तिच्याखाली घमेलं धरून उभा होता.