अंगठ्याची नोंद

कापडी टोपीवर निळ्या पेनाने फुली मारते.
माथ्यापासून डाव्या कानाकडे पाच सेंटीमीटर.
इथे, केसांखाली, हाडाखाली
राहतो उजव्या हाताचा अंगठा.

अल-खूदची दुपार काचेबाहेर पांढरी पडलेली,
आत एसीपायी माझ्या खांद्यावर शाल.
अझ्झान, वय चौदा, ओठावर नुकती लव,
खुर्चीत असा बसलाय, जणू दाढ काढायला आलाय.
संमतीच्या कागदावर त्याने ऐटीत सही ठोकली,
त्याखाली आजीने अंगठा उमटवला
आणि उरलेली शाई अबायाला पुसली.

आठाच्या आकड्याची कॉइल. इंग्रजी आठ, आपला नव्हे.
टक्.
अंगठा उडतो.
"मी नाही हलवला."
माहीत आहे.
"मग कोणी?"
पडद्यावर हिरवी लाट उठते, बसते.
मी आकडा लिहिते आणि चुंबक म्हणते.
घरी माझी तेरा वर्षांची मुलगी दार आपटून
हेच सांगते, मी नाही आपटलं,
तेव्हा मला चुंबकसुद्धा सुचत नाही.

मग मनगटाला चिमटा, डोक्याला टकटक,
मध्ये पंचवीस मिलिसेकंद.
तेवढ्याच अंतराने दोघांची गाठ पडत राहिली
की वाट उमटते म्हणे,
ओल्या सिमेंटवरून मांजर गेल्यासारखी.
यंत्र नवं होतं तेव्हा या खुर्चीत मी बसले होते,
वय सत्तेचाळीस.
आधीची लाट, नंतरची लाट, जुळ्या बहिणी.
डॉक्टर रय्या हसल्या,
"तुझं सिमेंट वाळलं गं."

दोन मोजण्यांमध्ये वीस मिनिटं रिकामी.
तो माझा बिल्ला वाचतो.
अरबीत ळ नाही, म्हणून अकरा वर्षं
मी या इमारतीत कालसेकर आहे.
जीभ उलटी वळवून दाखवते: ळ.
तो म्हणतो ल. म्हणतो र. म्हणतो ड, आणि फिसकन हसतो.
मग माझी पाळी. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर,
जे मी आल्या दिवसापासून साधा अ म्हणून ढकलतेय.
"आणखी खाली," तो गळ्यावर बोट ठेवतो,
"घास अडकतो ना, तिथे."
तिथे माझ्याकडे काहीच नाही.

तिसऱ्या भेटीला दारातूनच
"काळसेकर!"
स्वच्छ. घरच्यासारखा.
कुठे घोटवलास रे?
"बाबांच्या बोटीवर. जाळं निवडताना."

निम्म्या मुलांना खोटी टकटक मिळते,
आवाज तोच, चुंबक नाही.
अझ्झान कोणत्या निम्म्यात, ते बंद पाकिटात आहे,
त्यालाही ठाऊक नाही आणि मलाही.
वहीत अंगठ्यासाठी रकाना आहे,
ळ साठी नाही.

चिकटपट्टी काढताना हाताची लव ओढली जाते,
तो कळवळतो, अंगठा हलतो,
हा मात्र त्याचा त्याने.
जाताना तोच वर करून दाखवतो.
आमच्याकडे याला ठेंगा म्हणतात,
हे मी सांगत नाही.

लिफ्टमध्ये एकटी.
घास अडकतो तिथे.
अ.
नाही, आणखी खाली. अ.
दुसऱ्या मजल्यावर दार उघडतं, कुणी आत येतं,
मी खोकल्याचं सोंग करते.