ओळ चारशे बारा

तार्तूत डिसेंबरच्या दुपारी साडेतीनला अंधार होतो
आणि करकोच्यांचा अहवाल उद्या नऊला छापखान्यात हवा.
यंत्र म्हणतं, चूक ओळ चारशे बारावर.
माझ्या फाइलीत ओळीच आहेत तीनशे सहा.

हे नेहमीचं. मी लिहिते ती फाइल एक,
तिच्यात मजकूर, मजकुराच्या पोटात आकडेमोड;
त्यातून जन्मते दुसरी, जी मी कधी उघडत नाही,
आणि पानं जुळवणारा बोट दाखवतो दुसरीकडेच.

आज उघडली.
चारशे बारावर काहीच नव्हतं, एक रिकामी ओळ.
पाणी मुरत होतं वर, तीनशे एकावर:
"यंदा घरटी १२", आणि वाक्य तिथेच बुडालेलं.
टक्क्याच्या चिन्हाने पुढचं सगळं गिळलं होतं,
वाढली की घटली, कुठल्या जिल्ह्यात,
शेवटचा महिरपी कंससुद्धा.
चिन्हाआधी एक उलटी तिरकी रेघ मारली.
वाक्य वर आलं, धापा टाकत.

पानं तयार झाली. पाचव्यावर, ठळक अक्षरांत:
दर घरट्यामागे सरासरी पिल्लं: एनए.

ताउनो, नवा मुलगा, खुर्चीसकट सरकत आला.
"ते माझ्यामुळे. रिकाम्या जागा वगळायची आज्ञा होती,
ती मी काढली. काय वगळतोय ते कळायला नको?"
त्याला चार शब्द सुनवणार होते.
आधी म्हटलं, यंत्राच्या सूचना तरी बघू,
तर पहिल्याच तुकड्यात, माझ्याच हातची,
सहा वर्षांपूर्वीची ओळ: सूचना दाखवू नकोस.
रेईनला पानं स्वच्छ लागायची. मलाही.
काखेत कळसा होता, वर मीच पदर ओढलेला.

ओळ पुसली, पुन्हा चालवलं.
सूचना एकच:
अंकांच्या रकान्यात अक्षरं आहेत.

अक्षरं एंडलाची.
रॅपिनापलीकडच्या रस्त्यावर विजेचा खांब,
त्याच्यावर घरटं, खाली निवृत्त टपालवाली.
बाकी चाळीस जण आकडा पाठवतात. ती पाठवते:
"तीन. एक लंगडं."
"वादळात घरटं खाली. मादी अजून खांबावरच."
"एकही नाही, पण आले होते."
यंदा: "दोन, आणि तिसरं बहुतेक."

सहा वर्षं यंत्राने तिला वाचलं,
कळलं नाही म्हणून रिकामं धरलं,
रिकामं म्हणून वगळलं. बिनबोभाट.
आणि मी दरवर्षी तिला आभाराचं कार्ड पाठवत राहिले.

रात्री आठला फोन केला.
"तिसरं होतं का?"
"होतं. उडताना मी नाही पाहिलं. दवाखान्यात होते."
"मग आकडा काय लिहू?"
पलीकडे किटली शिट्टी देत होती.
"शिकलेली तू आहेस."

दोन लिहिलं. खाली टीप जोडली, तिच्याच शब्दांत.
सरासरी आली; ताउनोने कागदावर हाताने ताडून पाहिली.
पण टीपेने तक्ता पुढच्या पानावर ढकलला,
मागे अर्धं पान कोरं.
रेईन नाक मुरडणार.

यंत्र म्हणतंय, ओळ चारशे एकोणतीस.
ताउनो कॉफी आणायला गेलाय;
तो येईपर्यंत
"बहुतेक"च्या आसपास काय अडलंय ते बघते.