भाग चौथा, मंगफ

एकोणीस दिनार नऊशे फिल्स.
शाल्मली म्हणाली, बाबा, आधी नीट खेळ, मग मत दे.
म्हणून गुरुवारी रात्री, ताटं तशीच ठेवून,
मी मत द्यायला बसलो.

आधी चांगलं सांगतो.
चाकांचा आवाज उत्तम.
फरशीवरून डांबरावर, डांबरावरून लोखंडी जाळीवर
जाताना तो बदलतो.
ज्याने पकडला त्याने कुठेतरी
गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून पकडला असणार.
संध्याकाळ जरा जास्तच केशरी, पण चालेल;
तिसऱ्या भागात संध्याकाळच नव्हती.

आता काँक्रीट.
मी अहमदीच्या प्रयोगशाळेत ठोकळे फोडतो,
सातव्या दिवशी, मग अठ्ठाविसाव्या दिवशी,
सोळा वर्षं झाली,
त्यामुळे हे माझ्या नजरेतून सुटत नाही:
या अख्ख्या शहरात एकही सांधा नाही.
मैलभर सलग कठडा, सलग उतार,
ओतला कोणी, रात्री किती वाजता,
बर्फ किती टाकला, काही नोंद नाही.
आमच्याकडे पहिल्याच जुलैत
पापडासारखं तडकलं असतं.
"बाबा, हा खेळ आहे."
माहीत आहे. एक गुण वजा.

पहिला भाग मी इल्यास पारकरबरोबर खेळलो,
फहाहीलला, एका खोलीत सहा जण.
टीव्हीत हिरवा रंग येतच नसे,
झाडं जांभळी.
इल्यास हर्णैचा.
कठड्यावरून असा घसरायचा
की बाकीचे चौघे चपात्या लाटायचे थांबत.
पण पडला की पडला.
त्या भागात पडलेला माणूस पडून राहायचा,
चार सेकंद, पाच. हाड वाजलेलं ऐकू यायचं.
बटण कितीही बडवा, उठायचा नाही.
"दम खाऊ दे रे त्याला," इल्यास म्हणायचा
आणि तेवढ्यात चहाचा एक घोट.

चौथ्या भागात पडायच्या आतच माणूस उभा.
कपडे झटकत नाही, मागे बघत नाही.
शाल्मली म्हणते, वेळ वाचतो.
वाचतो. मी हिशेब केला,
एका रात्रीत बावीस मिनिटं.
इल्यासला हर्णैला कळवलं.
त्याने विचारलं, मग चहा कधी प्यायचा?

दीड वाजता ती म्हणाली, चल खाली.
बाहेर अजून अडतीस. तळघरात थोडं कमी.
हारिस सबरीने नेहमीसारखं न पाहिल्यासारखं केलं
आणि नेहमीसारखा लांबच्या कोपऱ्यातला दिवा लावून दिला.
तिची फळी वापरलेली,
सालमियाच्या कुणा मुलाकडून सहा दिनारला,
मागचं एक चाक रडतं.
असं चाक खेळात नाही.
खांब सतराजवळ जमिनीत सांधा आहे,
खरा, रबर वर आलेलं.
मी सांगणारच होतो.

आधी कोपर, मग खांदा.
माझा एक पाय पुढे गेला
आणि तिथेच राहिला, का कोण जाणे.
ती पाठीवर पडून वर बघत होती,
एसीच्या पाइपावरून टपटपणारं पाणी,
शेजारच्या जीपचं धुळीने माखलेलं पोट.
चार सेकंद. पाच.
सबरीही थांबला, हातात नळी, पाणी वाहतंय.
नऊ.
"माफी मुश्किल," तो म्हणाला,
बहुतेक मला.

मग ती उठून बसली.
"पाचपैकी किती, बाबा?"
खेळाला की तुला?
"सांध्याला."

लिफ्टमध्ये पाहिलं,
तिच्या कोपराला पांढरी पूड लागली होती.
पुसायच्या आधी मी ती
दोन बोटांत चोळून पाहिली.
बारीक आहे. बरी आहे.