टाकी ते टाकी

आठ पॉइंट दोन.
हिरव्या वहीत आकडा लिहिला
आणि खाली दोन रेघा मारल्या,
नापासांच्या पेपरावर मारायचे तशा.

जिप्सी ब्याण्णवची, महूच्या लिलावातली.
पलटणीचा रंग खरवडून आम्ही तिला दुधी केलं,
दाराच्या बिजागरीत तो अजून दिसतो.
तेव्हा अकरा द्यायची, घाट चढून,
टपावर वनस्पतींच्या दाबपेट्या लादलेल्या असताना.

लोहामंडीत मुबारिकनं बॉनेट उघडण्याआधी
चाकाला चवड्यानं ढकलून पाहिलं.
"मॅडम, ये पीती नहीं, आप पिलाती हो."

हवा निघाली अठरा, हवी होती सव्वीस.
चोकची तार गंजून अर्ध्यात अडकलेली,
म्हणजे ऐन वैशाखात, इंदूरच्या डांबरावर,
तिला वाटत होतं बाहेर थंडी आहे.
मागचा डावा ब्रेक पाय न लावताच धरायचा.
जॅकवर चाक फिरवलं
तर अर्ध्या फेरीत थांबलं, रुसल्यासारखं.
कॅरिअर काढा म्हणाला, वारा अडवतंय.
मी म्हटलं, बघू.
त्याच्या कोपऱ्याला पळसाच्या मुळांची दोरी आहे,
कुणी वळली ते सांगितलं नाही.

मग तो पुढे जाऊन उकिडवा बसला.
हबवरची माती अंगठ्यानं पुसली.
डावं फ्री.
उजवं लॉक.
"कब से?"

तारीख वहीत आहे.
भाद्रपद, चोरलच्या अलीकडचा नाला.
उज्ज्वला पागे साडी खोचून उतरली,
एक चप्पल चिखलानं तिथेच ठेवून घेतली.
दोन्ही हब तिनंच फिरवले,
मी स्टिअरिंगवर.
"हं, आता!" ती ओरडली,
आणि जिप्सी डबक्यातून म्हैस उठावी तशी उठली.

पुढे आमचं बिनसलं.
एका गवतावरून. त्याच्या नावावरून.
सिमरोलला चहा घेतला तोही दोन बाकांवर.
ती चाकापाशी वाकलेली मला दिसली होती.
मला वाटलं, पाय धुतेय.
दिवाळीनंतर ती मुलाकडे पुण्याला गेली.

सात वर्षं.
सात वर्षं पुढच्या एक्सलचं एक अंग
काहीही न ओढता नुसतं फिरत होतं,
आणि मी पंपावर भावाला शिव्या देत होते.

मुबारिकनं सगळं एकदमच दुरुस्त केलं.
त्यामुळे हबचा वाटा किती, ब्रेकचा किती,
आता कधीच कळणार नाही.
एका वेळी एकच गोष्ट बदलावी, मुलांनो,
हे मी कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं.

बायपासच्या पंपावर काठोकाठ भरली.
सिमरोलपर्यंत पंचावन्नच्या वर गेले नाही,
ट्रकवाले हॉर्न देत राहिले, देऊ देत.
परत तोच पंप, तोच उतार, तेच नळकांडं.
दहा पॉइंट सहा.

रात्री फोन केला.
तब्येत, गुडघा, पुण्याचं पाणी,
मग म्हटलं, अगं, तू हब सोडवायला विसरलीस.
ती थोडा वेळ गप्प.
"डावं मी सोडवलं होतं. सिमरोलला.
उजवं तुझ्या बाजूचं होतं.
म्हटलं, तेवढं तरी ही उतरून करेल."

गवताचं नाव तिचंच बरोबर होतं.
ते मला त्याच हिवाळ्यात कळलं,
फोनवर अजून सांगितलेलं नाही.

काल कॅरिअर काढलं. दोरी ठेवली.
पुणे सहाशे किलोमीटर, भागिले दहा पॉइंट सहा:
छप्पन लिटर आणि वर थोडं.
टाकी चाळीसची.
धुळ्याला थांबावं लागेल.