प्रतवारी

परभणीच्या सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या मागं,
जिथं आधी प्लास्टरची पोती रचत
त्या खोलीत मी बसते.
एसी मशीनसाठी आहे. बाया कुडकुडतात.

खांदा सैल सोडा. हनुवटी वर. श्वास धरा.
पाटा खाली येतो.
"भाकर थापायलीस का, व माय,"
दर आठवड्याला कुणीतरी म्हणतंच,
आणि दर आठवड्याला मी नव्यानं हसते.

सोजरबाई घनवट, वय एक्कावन्न, मुक्काम मानवत.
व्यवसायाच्या रकान्यात मी न विचारताच
घरकाम लिहून टाकलं.
तिनं त्यावर बोट ठेवलं.
"जिनिंगात हाय मी. एकोणीस वर्सं. कापूस निवडते."
मी खोडलं. वर लिहिलं: कापूस.

फोटो झाले, सोनोग्राफी झाली,
मग नांदेडहून डॉक्टरांचा अहवाल आला:
घनता सी. डावीकडं लहान गाठ, काठ गुळगुळीत, बहुधा साधी.
वर्ग तीन. सहा महिन्यांनी पुन्हा.

हे आकडे समजावायला मला कुणी शिकवलं नाही.
शून्य म्हणजे अजून सांगता येत नाही.
एक म्हणजे काही नाही. दोन म्हणजे आहे, पण राहू द्या.
चारला सुई.
पाच सांगताना मी बाईकडं बघत नाही,
पेनाचं टोपण शोधते.

तीन मात्र अवघड.
"शंभरात दोघींना निघतो," म्हटलं, "तेवढ्यासुद्धा नाही."
"म्हंजे दोन टक्के कचरा," ती म्हणाली.
"दोन टक्क्याला मालक भाव पाडत न्हाई."
मग पदर नीट करत,
"आन् गाठ म्हनलीस तवा मला हसूच आलं बाई.
आमची गाठ एकशेसत्तर किलोची आसती."

ती गेल्यावर स्टुलाखाली
कापसाची एक पुंजी सापडली, तिच्या लुगड्याची.
मी ती फेकली नाही, ठेवलीही नाही.
दुपारपर्यंत पंख्याच्या वाऱ्यानं कुठं गेली कळलं नाही.

मशीन नवं आलं तेव्हा, शिकता शिकता,
आम्ही माझाही फोटो काढला होता.
घनता डी.
पडद्यावर नुसतं पांढरं. गाठही पांढरीच उमटते,
पांढऱ्यात पांढरं कोण शोधणार.
खाली लिहिलं होतं: काही दिसत नाही.
तीन वर्षं मी ते
काही नाही
असं वाचत आले.

चैतात सोजरबाई आली, सांगितल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच.
लाईट नव्हती. व्हरांड्यात बसून राहिली,
शेजारच्या पोरीला श्वास कसा धरायचा ते शिकवत.
अहवाल तोच. तेवढीच गाठ, तेवढाच काठ. तीन.
"ग्रेड बदलंना का?"
"नाही बदलली हेच चांगलं."
"मंग आजून सा महिने?"
"सहा महिने."
तिनं बोटांवर मोजलं. दसऱ्याला थांबली.
"हंगाम सुरू व्हतो तवा. एक खाडा पडंल."

चप्पल घालता घालता वळली.
"तुव्हा कितवा गं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
सांगितलं. डी म्हणजे काय तेही सांगितलं,
जसं तिला सांगत असते तसं,
आणि सांगताना पहिल्यांदा ऐकलं.

ती म्हणाली,
"लई पांढरा ढीग आसला की आमी डोळ्याचं ऐकत न्हाई.
हात घालतो."

सोनोग्राफीच्या रजिस्टरात त्या दिवशी शेवटचं नाव
माझ्याच अक्षरात आहे:
नसीम पठाण, वय त्रेचाळीस.

गुरुवारी गेले तर जेल संपलं होतं.
सोमवारी या, म्हणाले.
येते म्हटलं.