गाळा नंबर एकोणीस, खडकी बाजार

नवा मालक म्हणाला, फळी सागवानी आहे,
खरवडून दे, वर फ्लेक्स ठोकायचाय.
मी पायरीवर बसले पटाशी घेऊन.
दुपारी तीनला खडकी बाजारात
तसंही कोणी कोणाला हाक मारत नाही.

पहिला थर माझाच निघाला.
'मोबाईल रिचार्ज', पिवळ्यावर लाल,
घाईत केलेला, रफार शेजारच्या अक्षरावर घसरलेला.
कोणी पाहायच्या आत खरवडला.

त्याखाली अण्णांचा हात.
सही लागत नाही ओळखायला,
त्यांच्या 'ल'चं पोट जरा सुटलेलं, त्यांच्यासारखंच.
'कायतान कुलासो, टेलर. युनिफॉर्म शिवून मिळतील.'
कुलासो रविवारी चर्चहून आला की
बायकोला उधारीची वही वाचून दाखवायचा,
आणि दोघं कोकणीत हसायचे, कोणाला ते आम्हाला कळू नये म्हणून.
मुलं ऑस्ट्रेलियात. मशीन भंगारवाल्याकडे,
पायडल अजून हलतं.

त्याखाली घड्याळं.
'एलिजा दिघोरकर', आणि बारीक अक्षरांत, 'शनिवारी बंद'.
अलिबागेकडची मराठी, मिठाला जराशी जागलेली.
इस्रायलला निघताना अण्णांना म्हणाला,
पाटी पुसू नकोस, वरून रंगव.

मी पुसतेय.

त्याखाली नुसती वळणं.
मला न वाचता येणारी, मुदलियारांची, दुधाची.
पलटणीमागून मद्रासेकडून आलेली माणसं.
आजोबांनी ती लिपी चित्रासारखी उतरवली
आणि एक टिंब चुकवलं.
वर्षभर बाजार हसत होता म्हणे,
मुदलियार मात्र प्रत्येक हसणाऱ्याला दूध पाजत होते.
चुकलेलं टिंब कुठलं, मला कळेना.
सगळीच ठेवली.

आम्ही जिनगर.
घोडे होते तोवर खोगिरं शिवली.
घोडे गेले, आरी गंजली, आजोबांनी कुंचला धरला.
आमची अक्षरं अजून
बसायला दिल्यासारखी रुंद येतात.

फळी उलटी केली.
मागं काळा शिक्का, अर्धा आकडा, एक बाण.
दारूगोळ्याच्या पेटीची फळी.
सागवान कसलं, देवदार.
नव्या मालकाला सांगितलं नाही.

समोरच्या पायरीवर सारजाबाई कैकाडीण
ओल्या फोकाला वळण देत बसली होती,
मघापासून बघत होती.
"आमची पाटी कुठल्या थरात गं?"
मी खरंच शोधू लागले,
तशी तीच हसली, तंबाखू थुंकली.
"आमची पाटी डोक्यावर असती, येडे.
तुमच्या बराकींची माती, दगूड, शेण,
समदं हितनं गेलंय."
आणि बोटानं आपला टाळू दाखवला,
जिथं केस विरळ होते.

पाच वाजता फ्लेक्स आला, केकचं दुकान, इंग्रजीत.
तीन खिळे सरळ गेले, चौथा वाकला.
अर्धंच खरवडलंस म्हणून त्यानं अर्धेच पैसे दिले.

पायरीवर रंगाचे पापुद्रे पडलेले,
पिवळे, निळे, एक शनिवार, थोडं दूध.
सारजाबाईनं ते नव्या पाटीत भरले,
उचलून पाहिले.
"वजनच नाही की गं."
उकिरड्यावर टाकायचे वीस रुपये घेतले तिनं.
पाटीचे वेगळे.